नामफलकासाठी गुलबाक्षी : प्रकल्प नोंदी

२८ जून

वाचनालयाच्या मागील बागेतील फुलझाडांना नामफलक लावण्याच्या कामात आता गुलबाक्षीची पाळी आली आहे. मराठी नाव, शास्त्रीय नाव, झाडाचा मूळ प्रदेश आणि नावाचा अर्थ एवढा मजकूर प्रत्येक फलकावर पाच-सहा ओळींत बसवायचा, असे समितीने ठरवून दिले आहे. मोगरा आणि जास्वंद यांचे फलक फारशी चर्चा न होता तयार झाले. गुलबाक्षीच्या नावावर मात्र आजच्या बैठकीत बराच वेळ गेला. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, मीनाक्षी, कामाक्षी, विशालाक्षी यांप्रमाणे या नावाच्याही शेवटी 'अक्षी' म्हणजे डोळा आहे, तेव्हा 'गुलाब' आणि 'अक्षी' अशी फोड करून 'गुलाबी डोळ्यांची' हा अर्थ फलकावर द्यावा. ही कल्पना मोहक आहे आणि ऐकताक्षणी पटतेही, परंतु फलकावर लिहिण्याआधी शब्दाची जुनी रूपे आणि शेजारच्या भाषांतील रूपे पाहावीत, अशी विनंती मी केली. फलक एकदा रंगवला की येणारी-जाणारी शाळकरी मुले पुढची कित्येक वर्षे तेच वाचणार आहेत आणि तेच खरे मानणार आहेत. ग्रंथपालबाईंनी कोशांचे कपाट माझ्यासाठी उघडे ठेवण्याचे मान्य केले.

३ जुलै

कोश पाहण्यास आज आरंभ केला. मराठीत या फुलाचे 'गुलबास' असेही एक रूप आहे. जुन्या पिढीतील अनेकांच्या तोंडी आजही तेच असते. गुजरातीतही 'गुलबास' असेच म्हणतात आणि हिंदी-उर्दूत 'गुलअब्बास' किंवा 'गुल-ए-अब्बास' म्हणतात. ही रूपे एका ओळीत मांडली की 'अक्षी'ला जागाच उरत नाही, कारण डोळ्याचा मागमूस फक्त मराठीतील एका रूपात आहे आणि बाकी सर्व ठिकाणी शेवटी 'बास' किंवा 'अब्बास' आहे. 'गुल' म्हणजे फूल, आणि 'गुल-ए-अब्बास' म्हणजे अब्बासचे फूल.

'गुल' हा फारसी शब्द मराठीने इतका आपलासा केला आहे की तो परका आहे, हे सांगावे लागते. गुलमोहर, गुलछडी, गुलदावदी, गुलकंद, गुलदस्ता ही नावे आपण रोज घेतो. 'गुलाब' या शब्दाची कथा तर फारच लक्षणीय आहे: फारसीत 'गुल' आणि 'आब' मिळून त्याचा अर्थ फुलाचे पाणी, म्हणजे गुलाबपाणी असा होतो, आणि इराणमध्ये आजही त्या शब्दाचा तोच अर्थ आहे, आपल्याकडे मात्र पाण्याचे नाव फुलालाच चिकटले आणि पाण्याला पुन्हा 'गुलाबपाणी' म्हणण्याची वेळ आली. ही माहिती गुलाबाच्या फलकासाठी राखून ठेवली आहे.

६ जुलै

आजचा संपूर्ण दिवस एकाच प्रश्नाला दिला: 'अब्बासी'चे, म्हणजे 'अब्बास'ला 'ई' लागून 'अब्बासची' या अर्थाने होणाऱ्या रूपाचे, 'बाक्षी' झाले कसे? अर्थ कितीही बरोबर असला, तरी ध्वनींचा हिशेब जुळल्याशिवाय समितीपुढे जाणे मला योग्य वाटत नव्हते.

पहिली पायरी सोपी आहे. 'गुल' आणि 'अब्बास' एका दमात उच्चारले की मधला 'अ' मागच्या 'ल'मध्ये मिसळतो, जोड 'ब्ब' सैल होतो आणि 'गुलबास' उरते. दुसरी पायरी मात्र अस्सल मराठी आहे. आपल्या भाषेत 'स'च्या पुढे 'इ' किंवा 'ई' आली की त्या 'स'चा 'श' होण्याकडे मोठा कल असतो. एक म्हैस, पण अनेक म्हशी. हिंदीत 'मौसी', मराठीत 'मावशी'; हिंदीत 'अस्सी', मराठीत 'ऐंशी'; हिंदीत 'सीखना', मराठीत 'शिकणे'. बाहेरून आलेल्या शब्दांनाही मराठीने याच चाकोरीत बसवले, आणि माझ्या कामाच्या दृष्टीने हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे: 'खलासी'चा 'खलाशी' झाला, 'चपरासी'चा 'चपराशी' झाला, खुद्द 'फारसी'लाही जुने लेखक 'फार्शी' म्हणत. मग 'अब्बासी'चे 'बाशी' होणे हे त्याच नियमाचे आणखी एक उदाहरण ठरते. 'खलाशी' आणि 'गुलबाशी' हे शब्द शेजारी लिहून पाहिले तेव्हा मला या कामातील सर्वांत मोठे समाधान मिळाले, कारण भाषेने दोन्ही पाहुण्यांना अगदी एकाच रीतीने घरात घेतले आहे.

उरला प्रश्न 'श'च्या जागी आलेल्या 'क्ष'चा. फारसीतून आलेल्या 'बक्षीस', 'बक्षी', 'नक्षी' या शब्दांत 'क्ष'ला आधार आहे, कारण मूळ शब्दांतच 'श'च्या आधी 'ख' किंवा 'क' हा ध्वनी आहे. 'अब्बासी'त तसा ध्वनी नाही. माझ्या मते एका बाजूने 'बक्षी' आणि दुसऱ्या बाजूने 'मीनाक्षी' अशा ओळखीच्या शब्दांच्या ओढीने 'बाशी'चे 'बाक्षी' झाले. म्हणजे ज्येष्ठ सदस्यांना जो 'अक्षी' दिसला, तो शब्दाच्या जन्मात नसला तरी त्याच्या आजच्या रूपात खरोखरच डोकावतो; बोलणाऱ्यांना तो दिसला, म्हणूनच 'क्ष' टिकला असावा. फलकावर ही बारीक गोष्ट मावणार नाही, पण बैठकीत ती मांडलीच पाहिजे.

१० जुलै

दिवसभर संततधार. बागेत पाणी साचल्याने माळीकाकांनी कुंपणालगतची आळी मोकळी केली. गुलबाक्षीची रोपे गुडघ्याच्या वर गेली असून कळ्या धरल्या आहेत. गेल्या वर्षीचे कंद जमिनीत तसेच होते आणि पहिल्या पावसाबरोबर त्यांनीच कोंब काढले, असे काकांनी सांगितले.

१५ जुलै

आता अब्बास कोण, हा प्रश्न. आजच्या इराणमध्ये या फुलाला 'लाले अब्बासी' म्हणतात. तेथे 'गुल'च्या जागी 'लाले' आहे, पण 'अब्बासी' कायम आहे. यावरून नावाचा गाभा कोणता ते स्पष्ट होते. सफवी घराण्याचा शाह अब्बास पहिला याने १५८८ ते १६२९ या काळात इराणवर राज्य केले, १५९८ साली इस्फहानला राजधानी नेली आणि ते शहर बागांनी व रुंद रस्त्यांनी सजवले. त्याच्या चांदीच्या नाण्याला 'अब्बासी' म्हणत. १६२२ साली इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची मदत घेऊन त्याने पोर्तुगीजांकडून होर्मुझ बेट जिंकले, आणि त्यानंतर समोरच्या किनाऱ्यावरील बंदर 'बंदर अब्बास' म्हणून प्रसिद्ध झाले. ज्या काळात नाण्याला आणि बंदराला हे नाव मिळाले, त्याच काळात अमेरिकेतून आलेले हे नवे फूल आशियात पसरत होते. म्हणून फुलाच्या नावातील अब्बास हाच, असे माझे मत झाले आहे.

येथे एक तुलना उपयोगी पडली. अमेरिकेतील कितीतरी वनस्पती पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला आणि तेथून कोकणात आल्या, आणि काजू, अननस, बटाटा, पपई ही त्यांची नावेही पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे उतरली. गुलबाक्षीही अमेरिकेचीच, पण तिचे मराठी नाव मात्र फारसी आहे. खाण्याच्या वस्तू बंदरातून बाजारात आणि बाजारातून स्वयंपाकघरात गेल्या, तर शोभेच्या फुलांची नावे दरबारांतून आणि बागांतून पसरली, असा याचा अर्थ मी लावतो. बहमनी काळापासून दख्खनच्या दरबारांत फारसीचा वापर होता, विजापूरच्या आदिलशाहीचे सफवी इराणशी धर्माचे आणि राजकारणाचे निकटचे संबंध होते, आणि त्याच दरबारांत मराठी सरदार व कारकून वावरत होते. फारसी नावाला मराठी घरापर्यंत येण्यासाठी यापेक्षा जवळची वाट नव्हती.

२१ जुलै

शास्त्रीय नाव 'मिराबिलिस जलापा'. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ते १७५३ साली 'स्पीसीज प्लांटारम' या ग्रंथात दिले. 'मिराबिलिस' म्हणजे आश्चर्यकारक. सोळाव्या शतकात हे झाड युरोपात पोहोचले तेव्हा एकाच झाडावर निरनिराळ्या रंगांची फुले पाहून तेथील वनस्पतीप्रेमी थक्क झाले आणि त्यांनी त्याला 'पेरूचे आश्चर्य' असे नाव दिले. लिनियसने त्यातील आश्चर्य ठेवले आणि पेरू देश वगळला.

'जलापा'ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ प्रांताची राजधानी असलेल्या झालापा या शहराच्या नावावरून हा शब्द आला. तेथील मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेत त्या स्थळनामाचा अर्थ 'वाळूतील झरा' असा होतो. या शहराच्या परिसरातून एक जहाल रेचक मुळी युरोपात जात असे आणि तिला 'जलाप' म्हणत. ती मुळी याच फुलझाडाची, असा त्या काळी समज होता. प्रत्यक्षात ती रताळ्याच्या प्रजातीतील एका वेलीची निघाली, परंतु तोपर्यंत नाव पक्के झाले होते आणि नामकरणाच्या नियमांनुसार ते तसेच राहिले. त्याच शहराचे नाव आज मेक्सिकन मिरचीच्या 'हालापेन्यो' या नावातूनही जगभर फिरते आहे.

ग्रंथपालबाईंनी हे ऐकून लगेच विचारले, "मग आपला जुलाब यातूनच आला का हो?" प्रश्न अतिशय योग्य होता, कारण ध्वनीही जवळचा आणि अर्थही तोच. उत्तर मात्र नाही असे आहे. 'जुलाब' हा शब्द अरबी 'जुलाब' वरून आला, आणि अरबांनी तो फारसी 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी, यावरून घेतला. गोड सरबतातून औषध देण्याच्या प्रथेमुळे तो हळूहळू रेचकाचा वाचक झाला. तेव्हा 'जलाप'शी त्याचा संबंध नाही, पण 'गुलबाक्षी'तील 'गुल'शी मात्र थेट आहे. 'अक्षी'च्या बाबतीत जो मोह पडतो तोच येथेही पडतो, म्हणून हे उदाहरण बैठकीसाठी टिपून ठेवले.

२६ जुलै

पाऊस उघडला. दुपारी चारपासून झाडाजवळ बसून एका कळीवर लक्ष ठेवले. चार वाजता ती पिळून ठेवलेल्या वातीसारखी घट्ट मिटलेली होती. पाचच्या सुमारास टोकाचा पीळ सैल झाला, पाच घड्या एकमेकींपासून सुटू लागल्या, आणि त्यानंतर थोड्याच वेळात फुलाचे तोंड पसरून पाच पुंकेसर व त्यांच्याही पुढे गेलेली कुक्षीवृंताची बारीक दांडी बाहेर आली. अंधार पडू लागताच मंद वास सुटला. लांब सोंडेचे निशाचर पतंग याच वासाच्या मागावर येतात. सकाळी ऊन चढण्याच्या आत तेच फूल मिटून लोंबलेले होते. ज्याला आपण पाकळ्या समजतो तो वास्तविक निदलपुंज, म्हणजे एरवी पाकळ्यांच्या बाहेर असणारा हिरवा घेर, आहे. या फुलाला खऱ्या पाकळ्या नसतात, आणि खाली जो हिरवा पेला दिसतो तो छदांचा, म्हणजे फुलाखालच्या पानासारख्या भागांचा, असतो.

दक्षिणेतील आणि बंगालमधील नावे याच वेळापत्रकावरून पडली आहेत. मल्याळममध्ये 'नालुमणिपूवु', म्हणजे चार वाजताचे फूल, कन्नडमध्ये 'संजे मल्लिगे', म्हणजे सांजेचा मोगरा, तमिळमध्ये 'अंदिमंदारै', ज्यात 'अंदि' म्हणजे संध्याकाळ, बंगालीत 'संध्यामालती'. फ्रेंच त्याला रात्रीची सुंदरी म्हणतात आणि तुर्क संध्याकाळचा आनंद म्हणतात. इतक्या लोकांनी फुलाची वेळ पाहून नाव ठेवले आणि आपल्या नावात वेळेचा उल्लेखही नाही, याची प्रथम थोडी रुखरुख वाटली. पण विचार करता असे दिसते की त्यांच्या नावांत फुलाचे वर्तन आहे, तर आपल्या नावात त्याचा प्रवास आहे, आणि प्रवास डोळ्यांनी दिसत नसल्यामुळे तो नावातच जपला गेला, हे चांगलेच झाले. वेळेची माहिती फलकावर स्वतंत्र ओळीत देता येईल.

४ ऑगस्ट

पहिल्या बिया पिकल्या. मिरीएवढ्या, काळ्या, सुरकुतलेल्या आणि उभ्या कंगोऱ्यांच्या. एका फुलाला एकच बी धरते. एक बी ब्लेडने उभी कापली: वरचे कवच ठिसूळ आणि आत पांढरे शुभ्र पीठ. बोटावर घासले तर अगदी चेहऱ्याला लावायच्या पावडरीसारखे पसरते. जपानी लोकांनी नाव ठेवताना नेमके हेच पाहिले, कारण त्यांच्या 'ओशिरोइबाना' या नावाचा अर्थ 'चेहऱ्याच्या पांढऱ्या पावडरीचे फूल' असा आहे. बी फोडून पाहिल्याशिवाय असे नाव सुचणे शक्य नाही, म्हणून या नावाबद्दल मला विशेष आदर वाटतो.

बागेत लहान मुले येतात, त्यामुळे एक सूचना फलकावर आवश्यक आहे: या झाडाच्या बिया आणि मुळे विषारी असून खाल्ल्यास उलट्या व जुलाब होतात. फुले मात्र हाताळायला हरकत नाही. मुली अजूनही त्यांच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफून दोऱ्याशिवाय वेणी करतात आणि देठाकडची हिरवी गाठ अलगद ओढून फुलाचे लोलक कानात अडकवतात, हे आज बागेतच पाहायला मिळाले.

९ ऑगस्ट

नावाचा आणखी एक प्रवास राहिला होता. मराठीत 'गुलबाक्षी' हा रंगही आहे. लुगड्यांच्या दुकानात आमसुली, अंजिरी, मोरपंखी, अबोली यांच्या रांगेत गुलबाक्षी असतेच, आणि तो शब्द उच्चारला की कोणाच्याही डोळ्यांपुढे जांभळटपणाकडे झुकणारा भडक गुलाबी रंगच येतो. प्रत्यक्षात झाडाला पिवळी, पांढरी आणि दोन रंगांच्या शिंतोड्यांची फुलेही येतात. आमच्या कुंपणाशी पिवळी आहे, आणि तिला 'पिवळी गुलबाक्षी' म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. फुलाच्या अनेक रंगांपैकी एकच निवडून मराठीने त्याला नाव दिले, आणि 'अब्बास'चा तेथे पूर्ण विसर पडला. राजाचे नाव लुगड्याच्या रंगात मुरून जाणे, हे भाषेतच घडू शकते.

रंगांचे हेच वैविध्य विज्ञानालाही उपयोगी पडले. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स याने या झाडाच्या तांबड्या आणि पांढऱ्या फुलांचा संकर केला, तेव्हा पुढच्या पिढीची फुले गुलाबी आली. अपूर्ण प्रभाविता, म्हणजे दोन गुणांपैकी एकही पूर्ण वरचढ न ठरणे, शिकवताना आजही हेच उदाहरण देतात. त्यानेच १९०९ साली ठिपकेदार पानांच्या गुलबाक्षीवरून दाखवून दिले की पानांचा हा गुण फक्त मातृवृक्षाकडून उतरतो. विज्ञान शाखेच्या मुलांनी हे नाव पुस्तकात वाचलेले असते, पण ते झाड अंगणातलेच आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणून कोरेन्ससाठी अर्धी ओळ ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

१४ ऑगस्ट

बैठकीत सर्व टिपणे वाचून दाखवली. 'खलासी-खलाशी' आणि 'चपरासी-चपराशी' या जोड्या ऐकल्यावर ज्येष्ठ सदस्यांनी स्वतःच "मग गुलबाशीही त्याच पंगतीतली" असे म्हटले आणि 'अक्षी'चा मुद्दा मागे घेतला. त्यांनी एक सूचना मात्र केली आणि ती सर्वांना पटली: मुख्य नाव 'गुलबाक्षी' असेच मोठ्या अक्षरांत असावे आणि त्याखाली लहान अक्षरांत 'गुलबास' हे रूप द्यावे, म्हणजे वाचणाऱ्याला अर्थाचा दुवा आपोआप दिसेल.

मंजूर झालेला मजकूर असा: "गुलबाक्षी (गुलबास). मिराबिलिस जलापा. मूळ प्रदेश : उष्ण कटिबंधीय अमेरिका. फारसी 'गुल-ए-अब्बास', म्हणजे अब्बासचे फूल, यावरून हे नाव आले. फुले संध्याकाळी उमलतात व सकाळी मिटतात. फुलांच्या रंगांवर कार्ल कोरेन्स याने आनुवंशिकतेचे प्रयोग केले. बिया व मुळे विषारी आहेत." झालापा शहर, जपानी पावडर आणि बंदर अब्बास यांना जागा उरली नाही, ती टिपणे वाचनालयाच्या फाइलमध्ये लावली आहेत.

फलक पिवळ्या फुलांच्या झाडापाशी लावायचा की गुलबाक्षी रंगाच्या, यावर माळीकाकांचे मत घेतले. "पिवळीपाशीच लावा, गुलबाक्षीला काय, लोक तशीही ओळखतात," असे त्यांनी सांगितले, आणि ते मान्य झाले. पुढचे काम तिच्याच कुळातील दोघींचे आहे: फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याचे नाव घेऊन आलेली आणि मराठीत येताच 'वेल' झालेली बोगनवेल, आणि उन्हाळ्यात वाळून पावसात पुन्हा नवी होणारी पुनर्नवा, जिला आमच्याकडे घेटुळी म्हणतात. घेटुळी कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला उगवते, त्यामुळे तिचा फलक लावण्यासाठी आधी नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागेल. तसा अर्ज उद्या लिहायचा आहे.